सहा नंबरचं टेबल

कोलंबो, ११ जानेवारी १९३४

सौ. गोदूस, बोटीवरून आत्मारामाचा आशीर्वाद. मालगुंडास सगळी मंडळी खुशाल आहेत असं धरून चालतो. कळवणारं कोणी नाही, तेव्हा धरूनच चालायचं.

हरिभाऊ, हे पत्र नेहमीप्रमाणे तुम्हीच तुमच्या बहिणीला वाचून दाखवणार, म्हणून तुम्हालाही नमस्कार. मास्तरकीचा आवाज न काढता वाचलंत तर उपकार होतील. मागची सात पत्रं वाचलीत की चुलीत घातलीत, देव जाणे. परत आली नाहीत, एवढ्यावर आठवं लिहायला बसलोय.

गोदू, माझं काम काय ते तुला अजून नीट कळलं नसेल. आपल्या मिऱ्यावर तर सगळे म्हणतात, आत्माराम बोटीवर बश्या धुतो. धुवत होतो, नाही कुठं म्हणतोय? पण आता माझ्या हातात वही आहे. ही बोट सैलानी लोकांची. त्यांना जायचं कुठंच नसतं. मुंबईला चढायचं, कोलंबो, रंगून, पिनांग, सिंगापूर असं फिरायचं आणि परत मुंबईलाच उतरायचं. घरी आप्पादादाला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे गेले कशाला?"

खाली मोठं जेवणघर आहे, तिथं भाड्यातच जेवण. पण वरच्या मजल्यावर एक लहान जेवणघर आहे. आठच टेबलं, त्यातली सहा दोघांची. तिथलं जेवण वेगळं, पैसे वेगळे, आणि तिथं बसायचं तर सकाळी येऊन नाव सांगावं लागतं. सकाळी नऊ ते अकरा मी जिन्याच्या तोंडाशी वही घेऊन बसतो. साहेब येतात, मडमा येतात, "दोघांचं टेबल, आठ वाजता, खिडकीशी" म्हणतात. मी खोलीचा नंबर लिहितो, नाव लिहितो, वेळ लिहितो. सगळ्यांना सहा नंबरचं टेबल हवं असतं, कारण तिथून समुद्र दिसतो. आता चारही बाजूंना समुद्रच आहे, पण हवं ते हवंच! कोणाला हो म्हणायचं, कोणाला नाही म्हणायचं, ते माझ्या हातात. भल्याभल्या साहेबांना मी "आज जागा नाही, सर" म्हटलंय. या जागेवर आजवर गोव्याचेच लोक असायचे. रत्नागिरीकडचा मी पहिला. माझं अक्षर बघून मिंगेल बटलरनं मला घेतलं.

तू मिऱ्यावरून माहेरी गेलीस त्याला वर्ष होऊन गेलं. भगवतीच्या मेहुणाच्या जेवणाला मी आलो नाही म्हणून गेलीस, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. रजा मिळाली नाही, त्याला मी काय करणार? बोटीची नोकरी म्हणजे घरची शेती नव्हे. एवढ्याशा गोष्टीवरून बाईनं वर्षभर तोंड फिरवून बसावं हे मला तरी पटत नाही. हरिभाऊ, हे वाक्य जरा हळू आवाजात वाचा.

एक ओळ तरी पाठव.

आत्माराम


पिनांग, २४ जानेवारी १९३४

सौ. गोदूस,

उत्तर इतक्यात येणार नाही हे मला कळतं. तरी लिहितो. सकाळची वही भरली की दुपारी मला काम नसतं, आणि इथं बोलायला माणूस नाही. गोव्याची मंडळी आपसांत बोलतात, हसतात, मला बोलावतातही. पण त्यांच्या घरच्या गोष्टी सुरू झाल्या की मी उठतो. मला सांगायला काय आहे?

या फेरीत पुण्याच्या छावणीतलं एक नवं जोडपं आहे. ते दररोज नाव लिहायला दोघं मिळून येतात. एकानं यावं की नाही? पण नाही, दोघं! ती त्याच्या कानात सांगते, मग तो मला सांगतो. आणि एक म्हातारा-म्हातारी आहेत, बावीस नंबरच्या खोलीतले. त्यांचं टेबल रोजचं ठरलेलं. जेवायला बसले की एक शब्द बोलत नाहीत. पहिल्या दिवशी मला वाटलं, भांडले असणार. तिसऱ्या दिवशी बघितलं, तर म्हातारीनं न बोलता आपल्याकडे त्याची बशी ओढली, माशाचे काटे काढले आणि बशी परत सरकवली. म्हाताऱ्यानं वरही बघितलं नाही. मला तिथं उभं राहवेना. पाणी आणायच्या निमित्तानं आत गेलो.

बावीस नंबरच्या म्हाताऱ्याला कांदा चालत नाही. सोळा नंबरच्या बाईला लिंबू जास्त लागतं. नऊ नंबरचा साहेब गोड आधी खातो. हे सगळं मला पाठ आहे. आणि काल अंथरुणावर पडल्यापडल्या सहज मनात आलं, गोदूला काय आवडतं? आठवेना! नऊ वर्षं संसार झाला आपला. मी ओटीवर आप्पादादाबरोबर जेवायचो, तू वाढायचीस, मग आत जाऊन चुलीशी जेवायचीस. तुझ्या पानात काय असायचं, किती असायचं, उरायचं तरी की नाही, मी एकदाही डोकावून बघितलं नाही. आपल्याकडं कोण बघतो? पण मला वाईट वाटलं, ते लिहितोय.

हरिभाऊ, एवढा भाग वाचून दाखवू नका. नाहीतर दाखवा. काय ते तुम्हीच ठरवा.

मी उभ्यानं जेवतो इथं. बशी हातात घेऊन, भांड्यांच्या खोलीत.

आत्माराम


मुंबई, २२ फेब्रुवारी १९३४

सौ. गोदूस,

आज डोंगरीच्या खोलीवर आलो, तर तुझं कार्ड. अक्षर बघून मला वाटलं, हरिभाऊंनी शाळेतल्या कुठल्यातरी पोरीकडून लिहून घेतलं. मग वाचलं. "हरिदादा शिमग्यापासून चिपळुणास बदलीवर आहे. मथुरावैनीला वाचता येत नाही. मला येतं. दादाकडून शिकले. तुमची पत्रं मीच वाचते, परत परत वाचते. पाट कोणी उचलायला सांगितला, ते लिहा."

अगो बाई! म्हणजे जवळजवळ वर्षभर मी हरिभाऊंना नमस्कार घालतोय, हळू वाचा म्हणतोय, आणि ऐकायला तिथं हरिभाऊच नाहीत? माझे कान तापले. खोलीवरच्या गंगारामनं विचारलं, "घरी काय झालं काय रे?" म्हटलं, काही नाही, बायको लिहायला शिकली. तो म्हणाला, "मग मेलास!"

पण मला आनंद झाला, तो आधी लिहितो. मी ते कार्ड चार वेळा वाचलं.

आता पाटाचं. तू असं विचारतेस जसं काही मी गुन्हा केलाय. मला विषमज्वर झाला तेव्हा तू भगवतीला नवस बोललीस, की हे उठून बसले तर आम्ही दोघं तुझ्या नावानं मेहूण म्हणून पाटावर शेजारी बसू, आणि आमच्याबरोबर पाच मेहुणं जेवतील. मी बरा झालो. तू मार्गशीर्षातला दिवस ठरवलास, पाच घरची जोडपी सांगितलीस. मला यायला जमलं नाही. मग मी मुंबईहून आप्पादादाला तार केली, की मी येत नाही, माझा पाट उचला, मेहुणं जेववून घ्या. त्यात काय चुकलं सांग. दहा माणसं माझ्यापायी उपाशी बसणार होती. शिवाय येणार नाही त्याचं पान वाढून ठेवायचं नसतं, तसं पान मेलेल्या माणसाला वाढतात. मी धडधाकट जिवंत, माझ्या नावाचं रिकामं पान कशाला? तुझ्याच भल्यासाठी उचलायला सांगितलं मी. उलट तू म्हणायला हवंस, की लांब राहून माणसानं एवढा विचार केला.

मी आलो नाही म्हणून रागावलीस, तर ते मला समजतं. पण पाटावरून? नाही बुवा समजत.

परवा पुन्हा निघतोय. कार्ड टाक. मोठं टाकलंस तरी चालेल.

आत्माराम


सिंगापूर, १९ मार्च १९३४

सौ. गोदूस,

मी खुशाल आहे. इथं उकाडा फार.

वही मी दुसऱ्याच्या हाती दिली आहे. डोळे दुखायला लागले होते, बारीक अक्षर लिहून लिहून. मीच बटलरला म्हटलं, थोडे दिवस दुसऱ्याला बसव. आता खाली भांड्यांच्या खोलीत असतो. बरं असतं तिथं, कोणाची कटकट नाही.

तुझं पत्र इथं असेल असं वाटलं होतं. नव्हतं. असो.

आत्माराम


कोलंबो, २ एप्रिल १९३४

सौ. गोदूस,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. माझे डोळे ठणठणीत आहेत. वही माझ्याकडून काढून घेतली. काय झालं ते सगळं लिहितो, आणि मध्ये कुठं थांबलो तर समज की हात थांबला होता.

पिनांगला एक साहेब चढला, लष्करातला. रंगूनपासून एक मडम एकटीच प्रवास करत होती, एक्केचाळीस नंबरला. ती दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे आली. दोघांचं टेबल, सहा नंबर, आठ वाजता. त्या संध्याकाळी साहेब पंधरा मिनिटं उशिरा आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच टेबल. अर्धा तास उशीर. तिसऱ्या दिवशी ती हिरवा झगा घालून आली, केस वेगळे बांधले होते. पावणेआठलाच येऊन बसली. आठ वाजले, सव्वाआठ, साडेआठ. ती काही मागवेना. समोर दुसरी बशी, काटे-सुऱ्या, पेला, घडी घातलेला रुमाल, सगळं मांडलेलं. आणि खुर्ची रिकामी.

मला ते बघवेना, गोदू. भरल्या जेवणघरात, बाईच्या समोर, न येणाऱ्याचं मांडलेलं ताट. माझ्या डोक्यात आपल्याकडचंच आलं. मला वाटलं, किती अशुभ दिसतंय हे, आणि एवढ्या शिकलेल्या लोकांत कोणाला कळत कसं नाही! पावणेनऊला मी तिच्या टेबलाशी गेलो. आवाज न करता बशी उचलली, काटे-सुऱ्या उचलल्या, पेला उचलला. खुर्ची भिंतीशी नेऊन ठेवली. खरंच सांगतो, मला वाटत होतं मी तिच्यावरचं काहीतरी उतरवून टाकतोय.

ती उभी राहिली. म्हणाली, "ते परत ठेव." मी म्हटलं, "साहेब येणार नाहीत, मॅडम." तर ती म्हणाली, "तुला कोणी सांगितलं?" मोठ्यानं नाही म्हणाली. पण सगळी टेबलं गप्प झाली. सोळा-सतरा माणसं होती, सगळी तिच्याकडे बघायला लागली. इतका वेळ ती एक बाई होती, जिचा माणूस यायचा होता. मी खुर्ची उचलली आणि ती टाकलेली बाई झाली. मी केलं ते! ती निघून गेली. झग्याचा घेर दारात अडकला, तो तिनं ओढला, फाटला.

आणि नऊला पाच कमी असताना तो साहेब आला. धावत आला होता, कॉलर वाकडी. सहा नंबरशी जाऊन उभा राहिला. त्याला बसायला खुर्ची नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिनं वरच्या साहेबांकडे तक्रार केली. वही गेली. मिंगेल बटलर कपाळाला हात लावून म्हणाला, "कित्याक रे, आत्माराम? खुर्ची तुला खायला मागत होती?"

भांड्यांच्या खोलीत बश्या पुसताना मला तू दिसलीस. खरं तर इतके दिवस मी तुला पाटावर बसलेली कधी मनात आणलीच नव्हती. तार केली, माझं काम झालं. तुला वाटत असणार, सकाळची आगबोट चुकली असेल, दुपारच्या मचव्यानं येतील, संध्याकाळी तरी येतील. जोवर पाट मांडलेला होता तोवर मी येणारा माणूस होतो. मी मुंबईत बसून तो उचलायला लावला, दहा माणसांसमोर. तुझा राग मला समजत नाही असं मी लिहिलं होतं. आता समजला. दुसऱ्याच्या बाईला रडवलं तेव्हा समजला, ही माझी अक्कल.

आता दुसरं. हे लिहायला मला तीन दिवस लागले.

रजा मिळाली होती. आठ दिवसांची, सहीशिक्क्यासकट. आगबोटीचं तिकीट काढायचं होतं, एवढंच. त्याच दिवशी मिंगेलनं बोलावून सांगितलं, वहीची जागा रिकामी झाली, उद्या निघत असशील तर तुझी, नाहीतर उद्या दुसरा बसेल. मी मनात म्हटलं, गोदू काय, घरचीच आहे, समजून घेईल. देवी थांबेल. वही थांबणार नाही. आणि सगळ्यांना सांगितलं, रजा नाही मिळाली. आप्पादादालाही तेच, तुलाही तेच. सांगून सांगून मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

मला लाज वाटते. याच्यापुढं काय लिहू?

आत्माराम


मिऱ्या, ६ मे १९३४

गोदू,

मी घरी आलोय. मुंबईला हिशोब करून बोट सोडली. पावसाआधीच्या आगबोटी आहेत तोवर यायचं ठरवलं. मचव्यातून उतरताना पाय घसरला, कमरेएवढा भिजलो, आणि किनाऱ्यावरची सगळी माणसं हसली. बोटीवरचा साहेब आला म्हणे.

डोंगरीला तुझं पत्र होतं. बरोबर आणलंय. "मडमेकडं सगळे बघत होते, असं लिहिलंत. माझ्याकडं कोणी बघत नव्हतं. पाट उचलल्यावर सगळ्या बाया माझ्या कपाळाकडं बघायला लागल्या. तेव्हापासून मी मिऱ्यावर पाय ठेवला नाही. यायचं तर या. या म्हणत नाही. येऊ नका, असंही म्हणत नाही." एवढंच. मी ते खिशात ठेवून आगबोटीवर रात्रभर जागा होतो. कपाळाचं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. मेलेल्याचं पान नको म्हणून मी पाट उचलायला लावला, आणि पाट उचलला म्हणून त्यांनी मला मेलेला धरला!

आप्पादादाला विचारलं, त्या दिवशी काय झालं सांग. तो आधी विषय टाळत होता. मग म्हणाला, "तार आली. मी येऊन पाटाला हात घातला, तर तिनं दुसऱ्या टोकाला धरला. मी ओढला. लहान पोरासारखं आम्ही दोघं पाट ओढत होतो रे, सगळ्यांसमोर. शेवटी तिनं सोडला." आणि पुढं म्हणाला, "मी मोठा दीर, तिनं माझ्यासमोर डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नव्हता. त्या दिवशी पदर खांद्यावर आला होता, तिला शुद्ध नव्हती." म्हातारा डोळे पुसायला लागला. मी त्याला म्हटलं, चूक तुझी नाही. हेही त्याला दीड वर्षात कोणी म्हटलं नव्हतं.

घर बंद होतं, तसंच आहे. चुलीत मांजर व्यायली. मी तिला उठवली नाही, बाहेर तीन दगड मांडून भात शिजवतो. करपतो. शेजारची गंगुबाई आमटी आणून देते आणि उभी राहून बघते, मी कसा जेवतो ते. ती बघते तोवर जेवतो, मग ठेवून देतो. बोटीवर निदान भांड्यांचा आवाज असायचा.

येत्या रविवारी मालगुंडला येतो. मिऱ्यावर चल असं म्हणायला नाही. नुसता येतो.

आत्माराम


मिऱ्या, १४ मे १९३४

गोदू,

तू म्हणशील, काल घडलेलं मला माहीत आहे, ते मलाच काय लिहून पाठवता. पण माझी पत्रं तू परत परत वाचतेस असं तूच लिहिलं होतंस. म्हणून हेही कागदावर असू दे. उद्या वाडीतली राहीबाई मालगुंडला जाणार आहे, तिच्या हाती देतो.

मी पोचलो तेव्हा उन्हं डोक्यावर आली होती. मथुरावहिनींनी पाय धुवायला पाणी दिलं, जावयाला घालतात तसा ओटीवर पाट घातला, पान मांडलं. तू आतच होतीस. बांगड्या वाजत होत्या, त्यावरून कळत होतं. मी वहिनींना म्हटलं, आणखी एक पाट मांडा, माझ्या शेजारी, आणि पान वाढा. त्यांनी पदर तोंडाला लावला. त्यांना हसू आलं की रडू, ते काही समजलं नाही. पण मांडला. तांदळाचा भात, सुरमईचं कालवण, कैरीचं रायतं, दोन्ही पानांवर वाढलं. मी आत ऐकू जाईल असं म्हटलं, "माझा एकट्याचा हात पानाला लागणार नाही."

तू आली नाहीस.

मी बसलो. वहिनी दोनदा येऊन म्हणाल्या, "भावोजी, निवतंय हो." समोरच्या वाटेनं माणसं जायची, थबकायची. एकानं विचारलं, "कोण यायचंय?" मी म्हटलं, "घरातलंच माणूस." तो हसत गेला आणि थोड्या वेळानं आणखी दोघांना घेऊन आला. मला ओळखतही नव्हते ते, तरी माझ्या पानाकडे बघत होते, शेजारच्या पानाकडे बघत होते. कान गरम होतात, गोदू. मान वर करता येत नाही. पायाला मुंग्या आल्या तरी हलवत नाही माणूस, उठायला निघाला असं वाटू नये म्हणून. मला वाटलं होतं, पत्रात लिहिलं तेवढं मला समजलं आहे. कसलं समजलं? काल दुपारी समजायला सुरुवात झाली. आणि माझ्या कपाळाकडे तर कोणी बघतही नव्हतं.

भातावर माशा बसायला लागल्या तेव्हा मी दुसऱ्या पानावर वारा घालत बसलो. माझं पान राहिलं.

तिन्हीसांजा झाल्या. वहिनी दिवा घेऊन आल्या. "भावोजी, आता पुरे. दिव्यासमोर रिकामं पान नको," असं म्हणून त्या वाकल्या आणि त्यांनी तुझ्या पाटाला हात घातला. मी काही बोलायच्या आत आतून तू ओरडलीस, "वैनी, हात नको लावूस!"

मग तू बाहेर आलीस. दीड वर्षानं मी तुला बघत होतो. वाळलीस. केसांत पांढरं आलंय. तू माझ्याकडे बघितलं नाहीस. दोन्ही पानं उचललीस, कुत्र्यापुढं टाकलीस, आत जाऊन गरम भात घेऊन आलीस, दोन नवी पानं मांडलीस. मग माझ्या शेजारचा पाट पायानं सरकवत सरकवत माझ्या समोर नेलास आणि तिथं बसलीस. वहिनी म्हणाल्या, "अगो, मेहूण शेजारी बसतं. समोर काय?" तू म्हणालीस, "शेजारी बसले तर यांचं तोंड दिसत नाय. मला बघायचंय." आणि मला म्हणालीस, "कागदावर लिहिलंत ते आता तोंडानं सांगा."

मी म्हटलं, काय? तू म्हणालीस, "तुम्हाला ठाऊक आहे काय ते."

गोदू, वही घेऊन मी मोठमोठ्या साहेबांच्या तोंडाकडे बघून बोललोय. तुझ्या तोंडाकडे बघून मला एक वाक्य बोलता येईना. मी पानाकडे बघून सुरुवात केली, तर तू म्हणालीस, "वर बघा." वर बघितलं. म्हटलं, "रजा मिळाली होती. मीच आलो नाही. मला ती जागा हवी होती." वहिनी दिवा तिथंच ठेवून आत गेल्या.

तू बघत होतीस. मला वाटलं आता उठशील. उठली असतीस तरी मी काही म्हणू शकलो नसतो.

मिऱ्यावर येणार की नाही ते तू बोलली नाहीस, आणि मीही विचारलं नाही. आजही विचारत नाही. गंगुबाईनं सकाळी विचारलं, काय झालं तिकडं? मी म्हटलं, जेवलो. ती म्हणाली, एवढंच? म्हटलं, एवढंच.

पण एवढंच नव्हतं. आपल्याकडं बायको नवऱ्याच्या आधी घास घेत नाही. तू नऊ वर्षांत कधी घेतला नाहीस. काल मी तुझ्याकडे बघत, हात पानावर ठेवून, तू काय म्हणतेस याची वाट बघत होतो. तू म्हणालीस, "मला भूक लागल्येय." आणि माझ्यासाठी न थांबता तू जेवायला लागलीस.

तुझा
आत्माराम